शिडीला घातलेला घेराव

वडिलांनी जमवलेल्या कामगार-पत्रकांच्या गठ्ठ्यांवरच मी अक्षरं ओळखायला शिकले. त्यामुळे कॉलेजात जाईपर्यंत मला सगळीकडे मागण्याच दिसायला लागल्या होत्या. ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात, कोकणात कसालला आमच्या घराची कौलं चाळायला, म्हणजे पावसाआधी फुटकी काढून नीट लावायला, शेजारचे काका आले. आदल्या वर्षी छपरावरून पडून त्यांचा खांदा निखळला होता. तरी कमरेला दोरी बांधायला तयार नाहीत!

"माका काय गोठ्यातलो पाडो समजलंस? दावां बांधूक?"

मी सरळ शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. "दोरी नाही, तर चढणं नाही!"

तेवढ्यात काकी त्यांची पेज घेऊन आली. तिला वाटलं, मी रुसलेय. कारण कळल्यावर पदर खोचून तीही माझ्या शेजारी टेकली. ही माझ्या आयुष्यातली पहिली युनियन.

"बायलांनी शिडी अडवली रे!" काका रस्त्यावरच्या माणसांना ओरडून सांगू लागले. "माका वासरू करतत!"

"वासरू बरां," काकी म्हणाली. "ता कौलार चढणा नाय. तुमच्या खांद्याक तेल लावन लावन माझे हात मोडले."

माणसं जमली, हसली. शेवटी काकांनीच वैतागून दोरीचं एक टोक कमरेला बांधलं आणि दुसरं आढ्यावरून पलीकडे टाकलं. मी ते फणसाच्या बुंध्याला करकचून बांधलं. काका वर गेले ते आम्हाला चिडवत, कमर हलवत. "बघा, बैल इलो!" म्हणून त्यांनी उडी मारली आणि वाळक्या पानांच्या पातेऱ्यावरून पाय सटकला.

खळ्ळकन कौलं फुटली. काका घसरत आले आणि छपराच्या कडेला दोरी ताणून थांबले. पोट कौलांवर, पाय हवेत.  आधी काकाच खदखदले, मग काकी, मग मी. हसून हसून मला उभं राहवेना.

"शिडी लाव गो हयसर!"

काकीनं शिडी आणली, पण लावेना. "आदी गाऱ्हाणां घाला."

कार्याआधी देवाला घालतात तसं गाऱ्हाणं, तेही लोंबकळत!

"बा देवा म्हाराजा," काकांनी वरूनच सूर लावला, "ह्यो तुझो भक्त दोरी बांधल्याबिगर परत कौलार चढलो, तर..."

"तर पेज बंद!"

"तर त्येची पेज बंद कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली. देवाधर्माविरुद्धची पत्रकं तोंडपाठ असलेली मी, सगळ्यांत मोठ्यानं.