मामाची बेटपरिक्रमा

ठाणं बेटावर आहे, हे मामाने ठाणेकरांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की लोक त्याला पाहून रस्ता बदलायचे. स्वतः राहायचा डोंबिवलीत, म्हणजे खाडीपलीकडे. पण ठाण्यात कोपरीच्या आमच्या घरी आला की दारातूनच ओरडायचा, "काय रे बेटकर, उठलास का?"

निवृत्त झाल्यावर त्याच्या डोक्यात ठाणं ज्यावर आहे त्या साष्टी बेटाच्या परिक्रमेचं खूळ शिरलं. दर रविवारी किनाऱ्याकिनाऱ्याने एक टप्पा, सोबतीला मी. पहिल्याच दिवशी कोपरीच्या खाडीवर वाद. नर्मदा परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवतात, म्हणून मी पाणी उजवीकडे घेऊन निघालो. "अरे गाढवा, प्रदक्षिणा कोणाला घालतोयस? बेटाला ना? मग बेट उजवीकडे!" ऊन चढेपर्यंत आम्ही जागचे हललो नाही. शेवटी बेट उजवीकडे ठेवून दक्षिणेला निघालो.

बेटाच्या पार पश्चिम टोकाला, उत्तनजवळ एका खडकापाशी उन्हाने त्याला घेरी आली. मी त्याला जबरदस्तीने रिक्षात कोंबलं, दोनच वळणं गेलो असू. पुढच्या रविवारी पठ्ठ्या पुन्हा त्याच खडकापाशी उभा. "तेवढं रिक्षा चालली, मी नाही." मी हात जोडले आणि मागोमाग चालू लागलो.

फिरून परत ठाण्यात आलो, तर बाळकुमला किनारा सोसायट्यांच्या मागे गेलेला. गेटवर वॉचमनने अडवलं. "किधर जाना है?"

"कोपरी."

"कोपरी के लिए बाहर से रिक्षा पकडो ना, अंकल."

मामाचा असा संताप झाला की तो तिथेच छाती धरून खाली बसला. डॉक्टरांनी चालणं बंद केलं. राहिला होता फक्त बाळकुम ते कोपरी हा तुकडा.

"तू पूर्ण कर," मामा म्हणाला. मग मी एकटाच चाललो, फोनवर व्हिडिओ कॉल चालू ठेवून. डोंबिवलीत पडल्या पडल्या त्याच्या सूचना सुरू: "डांबरावरून काय चालतोस? खाली उतर! चिखलच आहे ना, खातोय का तुला?" फोन खाडीत भिरकावून द्यावा असं वाटत होतं.

कोपरीला पोचल्यावर मी ओरडलो, "मामा, झाली आपली परिक्रमा!"

 तो म्हणाला, "तुझी झाली रे. माझी बाळकुमलाच राहिली."

"माझी ती तुझीच की!"

"असं नसतं, बाळा."

त्या क्षणीसुद्धा नियम! मी तिथेच चिखलात उभा राहून त्याच्यावर चिडलो आणि चिडता चिडता रडलो. पुढच्याच महिन्यात मामा गेला.

माझी झाली म्हणे. त्याच्याशिवाय माझी तरी कुठे झाली?