आंघोळीचा नंबर

आमच्या घरात बाथरूम एक आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरही एकच. त्रास मात्र दोघांचा सगळ्यांना सारखाच.

पिंपळे गुरवला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाडेकरूंसाठी खोल्या काढल्या तेव्हा प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम दिलं. स्वतःच्या घराचं तेवढं विसरले. त्यामुळे सकाळी एका दारापुढे आम्ही सगळे टॉवेल घेऊन उभे: आप्पा, चाकणच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला जाणारा अशोकदादा, नंदावहिनी, माझी बायको मेघा आणि मी. रोजची कटकट मिटावी म्हणून मी एक अ‍ॅप बनवलं. उघडलं की आंघोळीचे नंबर दाखवायचं. (घरात इंजिनिअर असताना बाहेर कशाला विचारायचं?)

पहिल्याच सकाळी दादा आत शिरणार, तेवढ्यात आप्पांनी त्याला अडवलं.

"थांब. पयला नंबर माझा हाय."

दादाने आपला फोन दाखवला. त्यात तो पहिला होता. वहिनींच्या फोनवर वहिनी पहिल्या, मेघाच्या फोनवर मेघा. नावं कुठल्या क्रमाने दाखवायची हे अ‍ॅपला सांगायलाच मी विसरलो होतो, त्यामुळे ते दर वेळी मनाला येईल तसं दाखवत होतं. आपलं नाव वर येईपर्यंत अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडायचं, ही युक्ती आप्पांनी शोधली आणि बाकीच्यांनी लगेच उचलली. सगळे दाराबाहेर फोन चोळत उभे, आत कोणीच नाही! दादाची कंपनीची बस गेली. तो पारोसाच मोटरसायकलला किक मारून निघाला. जाताना मला जे बोलला ते छापण्यासारखं नाही.

अ‍ॅप काढून टाक, असा घराने एकमुखाने निकाल दिला. मी ऐकलं नाही. अ‍ॅप राहणार, फक्त क्रम पक्का करतो, असं ठणकावून सांगितलं आणि नावं अक्षरांच्या क्रमाने लावली. आता कुठलाही फोन उघडा, क्रम एकच.

दुसऱ्या दिवशी अशोकदादा पहिला. त्याला बस मिळाली. मग आप्पा. तिसरं नाव ज्ञानेश्वर, म्हणजे मी. टॉवेल खांद्यावर टाकून मी ऐटीत निघालो, तर वहिनींनी दारात हात आडवा घातला.

"भावजी, ज्ञ तिसरा कसा?"

मी समजावून सांगितलं की कॉम्प्युटर ज्ञ म्हणजे ज आणि ञ धरतो, म्हणून तो ज च्या रांगेत येतो. जगभर असंच चालतं. जगाला बाथरूम किती आहेत, असं मेघाने विचारलं. आप्पांनी ओल्या डोक्याने शाळेच्या चालीवर व पासून म्हणायला सुरुवात केली आणि ज्ञ ला माझ्याकडे बघत थांबले. भाडेकरू गॅलरीत जमले होते.

एकट्या माझ्या नावासाठी प्रोग्राममध्ये वेगळी ओळ घालणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. घातली.

पण माघार घेतलेली नाही. अ‍ॅप आजही चालू आहे. सोलरचं गरम पाणी संपल्यावर कोण आंघोळ करणार, हे आता कुठल्याही फोनवर, कुठल्याही दिवशी एकच दिसतं. इतका खात्रीचा निकाल ऑफिसातल्या माझ्या एकाही प्रोग्रामने अजून दिलेला नाही!