मंगल कार्यालयामागची ट्रायथलॉन

केजच्या बाहेर एका मंगल कार्यालयाच्या मागे वऱ्हाडी पोरांसाठी बांधलेला पोहण्याचा तलाव आहे. तो टँकरने भरतात. तिथे ट्रायथलॉन ठरली, म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, तेव्हा पुण्याच्या मेहुण्याने फोनवर नाक मुरडलं. तो स्पर्धांना जाऊन समुद्रात पोहतो. तलावातल्या पोहण्याला तो आंघोळ म्हणतो. मी म्हटलं, बाबा, आमच्या धरणाच्या गाळात म्हैस उतरली तर तिला काढायला ट्रॅक्टर लागतो, तू कुठे उतरतोस ते सांग.

मला स्वतःची काळजी नव्हती. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस मी. प्रश्न बायकोचा होता. मुलगा होस्टेलला गेल्यापासून त्याची सायकल ती चालवते, पळण्यातही मैत्रिणींना मागे टाकते. पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की तिचे हातपाय गार पडतात. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत तिची मैत्रीण पाणी शेंदताना विहिरीत पडली, ती जिवंत निघाली नाही. ही भीती एकदाची घालवायची म्हणूनच बायकोने नाव दिलं होतं. उन्हाळ्यापासून ती त्या तलावात कठडा धरून पाय मारत होती, पाय खाली सोडायची हिंमत नव्हती. कठडा सोडून पलीकडच्या टोकाला मात्र एकदाही गेली नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी आधी सत्कार झाले. आमच्याकडे सत्काराशिवाय बोअरचं बटणसुद्धा दाबत नाहीत. थंडीची सकाळ. आम्ही चड्ड्यांवर कुडकुडत उभे, आणि शाली स्वेटर घातलेल्या पाहुण्यांना. पाहुणे पाण्याचं महत्त्व सांगत राहिले. मग पंचांनी नियम सांगितला: दम लागला तर तळावर उभं राहा, फक्त चालू नका. मी मोठ्याने हसलो. उभं राहता येतं ते कसलं पोहणं!

पुरुषांची शिट्टी झाली. विहिरीत शिकलेल्याला पाण्यात पडायची एकच रीत माहीत असते, मुटका. गुडघे पोटाशी घेऊन मी धाडकन पडलो, माझ्यामागून बाकीचे विहीरवाले पडले, आणि तलावातलं बरंचसं पाणी पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या बुटात गेलं. त्यात विहिरीत कोणी सरळ पोहत नाही, कडेकडेने गोल फिरतात. मीही रांगा आखायला पाण्यावर बांधलेल्या दोऱ्यांखालून गोल निघालो. समोरून माझ्यासारखेच दोघे गोल येत होते. पंचांनी आम्हाला बाद केलं. विहिरीत असा अपमान कधी झाला नव्हता.

त्यामुळे बायकांची शिट्टी झाली तेव्हा मी टॉवेल गुंडाळून काठावर होतो. तिने कठडा सोडला. बरी चालली होती. मध्यावर तिचे हात एकदम थांबले आणि तोंड पाण्याखाली गेलं. मी टॉवेल टाकून पुढे झालो, तेवढ्यात ती उभी राहिली. पाणी गळ्याइतकं. सगळे ओरडून तिला धीर देत होते, ती मात्र मान घालून स्वतःच्या पायांकडे बघत होती. बराच वेळ बघितलं तिने. मग श्वास घेऊन पुढे निघाली, आणि पलीकडचा कठडा धरला. नंतर सायकल झाली, पळणं झालं, ती सगळ्यांत शेवटी आली. मला आमच्या लग्नातही इतका आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. त्याने हसत पहिलं विचारलं ते पाणी किती खोल होतं. मी काही बोलायच्या आत तिने फोन घेतला.

"गळ्याइतकं. मधी लई भ्या वाटलं, पाय सोडले, तर खाली फरशी लागली. इतकी वर्षं पाणी शेंदलं रे, पाण्याचा तळ आज पायाला लागला. तिच्या पायाला लागला असता, तर ती बी निघाली असती."

मैत्रीण बुडाली ती विहीर या बहीण-भावाच्याच मळ्यातली होती.