बसएवढ्या मुशीची काडी

साखळीहून पणजीला जाणाऱ्या बसमध्ये ती बाई माझ्या शेजारी बसली होती. नाव मी विचारलं नाही. सारखी पर्समधून काड्यापेटी काढायची, उघडून बघायची आणि परत ठेवायची. शेवटी मी विचारलंच, “विडी ओढतेस काय गो बाय?”

ती हसली. पेटी माझ्यापुढे धरली. आत कापसावर फणीच्या तुटक्या दातासारखी एक काळी काडी होती. म्हणाली, “आजोबा, ही बसएवढ्या मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, कल्ल्यातली. ती तोंड उघडं टाकून पोहायची, असल्या काड्यांनी पाण्यातलं बारीक खाणं गाळून घ्यायची. ती जात कधीच संपली.”

“बाकीचं अंग खंय गेलं?”

“मुशीचं सगळंच मऊ, कुजून गेलं. एवढंच उरलं. पण एवढ्यावरून कळतं, ती होती.”

बायकोच्या बाराव्याला मी तिचं सगळं वाळवंटी नदीत सोडलं. आमची रीतच तशी. मुलगी केस अडकलेली फणी तेवढी मागत होती. मी तिच्यावर खेकसलो, “मेलेल्याची फणी घरात ठेवतात काय?”

घरी येऊन मुलीला फोन केला. आईचं काही आहे काय तुझ्याकडे, म्हणून विचारलं.

ती म्हणाली, “बाबा, तुम्ही ठेवायला दिलंत खंय?”