माझ्याच हातांची भीती

माझी पहिली मुलगी झाली तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही वडीगोद्रीला राहायचो. घरात सासूबाई, नवरा आणि मी. दिवाळी झाली की नवरा मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं खाली जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. त्या वर्षीही मुलगी महिन्याची झाली आणि तो निघाला. त्यात नवल काही नव्हतं. आमच्यातल्या लेकुरवाळ्या बायका अशाच मागं राहायच्या.

घरामागं आड होता. एका सकाळी मुलीला खांद्यावर घेऊन मी धुणं वाळत घालायला मागं गेले. आडाजवळून जाताना मनात आलं, ही हातातून निसटली तर? आणि पाठोपाठ आलं, आपणच सोडली तर?

मी जागच्या जागी थिजले. हात असे कापायला लागले की मुलगी खरंच पडेल असं वाटलं. तिला छातीशी गच्च धरून मी घरात पळाले, झोळीत टाकलं आणि समोरच्या भिंतीला टेकून बसले. हात मांडीखाली दाबून धरले होते. मला माझ्याच हातांची भीती वाटत होती.

त्या दिवसापासून ते मागंच लागलं. भाजी चिरायला घेतली की विळीचं पातं दिसायचं आणि पुढचं नको ते दिसायचं. मुलीला पाजायच्या वेळी सासूबाईंना मी काहीतरी निमित्त काढून जवळ बसवून ठेवायची. पाजून झालं की लगेच खाली. भाकरीला चव राहिली नव्हती. मुलगी रडायची तर ते रडणं दुसऱ्याच्या घरातून येतंय असं वाटायचं. आत सगळं रिकामं झालं होतं, आणि त्या रिकाम्या जागेत तेवढा एकच विचार फिरत होता. सांगायचं कुणाला, आणि सांगायचं तरी काय? जी बाई असलं बोलेल तिच्याजवळ लेकरू कोण ठेवील?

सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "पाजती अन् खाली टाकती. हिला बाहेरचं झालंय."

त्यांनी देवऋषी बोलावला. त्यानं धुपात मला बसवलं, डोक्यावरून लिंबू उतरवलं आणि कानाशी ओरडला, "कोन हाईस तू? बोल!"

धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोवर मला वाटायचं, हा आपल्याच डोक्यातला घाणेरडा विचार आहे. आता वाटायला लागलं, खरंच कुणीतरी आत येऊन बसलंय आणि वेळ आली की ते माझ्या हातांनी काम करून घेईल. तो गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "आता बरं वाटू राह्यलं ना?"

"बरं वाटतंय," मी म्हणाले. इतकी भीती मला आयुष्यात त्याआधी कधी वाटली नव्हती.

तुरी निघाल्या तशा सासूबाईंनी मला सडकेवरच्या मारवाडी काकींकडं दाळदाणा निवडायला पाठवलं. काकींच्या घरचे लोक राजस्थानातून येऊन इथं तीन-चार पिढ्या झाल्या होत्या. पुढं दुकान, मागं घर. काकी आमच्यासारखंच बोलायच्या, फक्त थोडा हेल वेगळा. मी मुलीला ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला निजवायची आणि तिच्याकडं पाठ करून बसायची. काकी काही दिवस नुसत्या बघत होत्या.

एका दुपारी मुलगी उठून रडायला लागली.

"लेकरू रडू राह्यलं. उचल की," काकी म्हणाल्या.

"उचलते," म्हणून मी तशीच बसून राहिले.

काकींनी सूप खाली ठेवलं. स्वतः जाऊन मुलीला उचललं आणि माझ्यापुढं येऊन बसल्या. "तुला हिला हात लावायची भीती वाटती का?"

खाली मान घालून मी म्हणाले, "काकी, मी हिला आडात टाकीन असं वाटतं मला."

बोलून गेले आणि अंगाला घाम फुटला. आता या ओरडतील, माणसं गोळा होतील. पण काकी मुलीला थोपटत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला चुलीचं वाटायचं. थोरला झाल्ता तवा. विस्तव बघितला की जीव जायचा माझा. कुनालाच बोलले न्हाई मी."

"मंग?"

"मंग काय? ऐक, दुकानात कोन वराडू राह्यलंय."

बाहेर त्यांचा थोरला मुलगा गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. चांगला मिशीवाला गडी. ते ऐकलं आणि मला रडू कोसळलं. किती महिन्यांनी रडले कोण जाणे.

काकी जैन होत्या. रोज दुपारी पांढरं आसन टाकून, तोंडाला पांढरी पट्टी बांधून त्या सामायिकाला, म्हणजे त्यांच्या ध्यानाला बसायच्या. शेजारी वाळूची काचेची घडी असायची. वाळू खाली उतरेपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, कुणावर राग धरायचा नाही. त्यांनी मला विचारलं, "बसती का माझ्याजवळ? आमच्या देवाचं नाव घे न घे. फक्त उठू नको."

पहिल्या दिवशी मी उठले. काम करताना भीती जरा मागं असायची, नुसतं बसल्यावर ती अंगावरच आली. मी घरी पळाले. दुसऱ्या दिवशीही तेच. काकी रागावल्या नाहीत. "उद्या ये," एवढंच म्हणायच्या. सासूबाई कुरकुरल्या, पण सून निदान घराबाहेर पडते म्हणून गप्प राहिल्या.

हळूहळू मी घडी संपेपर्यंत टिकायला लागले. मग एका दुपारी, आसनावर बसायच्या आधी, काकींनी निजलेली मुलगी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"नको काकी!"

"मी हितंच हाये. भीती येईल. येऊ दे. तू बिलकुल हलू नको."

त्या बसल्या, डोळे मिटले. आता बोलायची सोय नव्हती. भीती आली. आड दिसला, पाणी दिसलं, बोटं गार पडली. मला ओरडावंसं वाटत होतं. तरी मी बसले. ती वाढत वाढत गेली, आता फुटणार असं वाटलं, आणि मग पुढं काहीच झालं नाही. माझे हात मुलीच्या अंगावर होते तसेच होते. एक हात तर तिच्या डोक्याखाली होता, मान लटकू नये म्हणून. तो तिथं कधी गेला मला कळलंही नव्हतं.

मला तेव्हा उमगलं की घाबरणारी मी होते, तशीच ते घाबरणं बघणारीही मीच होते, आणि ती बघणारी घाबरलेली नव्हती. आत कुठंतरी उजेड होता. देव दिसल्यासारखा मोठा नव्हे, दार किलकिलं असल्यावर ओसरीत पडतो तेवढा. मुलीचा श्वास माझ्या पोटाला लागत होता. ती माझी आहे असं मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं.

भीती काही त्या दिवशी गेली नाही. शिमग्याच्या सुमाराला ती पुन्हा जोरात आली, तेव्हा मी आठवडाभर विळीला हात लावला नाही. पण बसायचं सोडलं नाही. नवरा परत आला तोवर मुलगी रांगत होती, मी तिला कडेवर घेऊन हिंडत होते. त्याला मी काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या वेळी मुलगा झाला आणि पंधरा दिवसांत ते सगळं पुन्हा सुरू झालं. या वेळी मी नवऱ्याला म्हणाले, "औंदा मेंढरामागं जाऊ नका."

"का गं?"

मी आडापासून सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटलं, मी गेल्तो म्हणून तू रुसली व्हती."

त्या वर्षी कळप त्याच्या चुलतभावानं नेला. दुपारी मी आतल्या खोलीत बसायची आणि तो मुलाला घेऊन उंबऱ्यावर बसायचा. माझं काय चाललंय ते त्याला नीट कळायचं नाही. पण कुणी आलं की तो हात वर करायचा आणि दबक्या आवाजात सांगायचा, "थांबा जरा. ती बसलीये."