कोऱ्या ठेवलेल्या काचेचा रंग

उंदराच्या गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी एवढीशी असते की तिच्यापुढे मोहरीला भोपळा म्हणावं. सांगलीच्या प्रयोगशाळेत मी तिचे इतके पातळ काप काढायचो की शिंक आली असती तर ते थेट कुपवाडला जाऊन पडले असते. तिच्या पेशींत एक प्रथिन नेमकं कुठं बसतं, ते तपकिरी रंगावरून कळायचं. काप ट्रेमधल्या सहा काचांवर ठेवायचे, पाच काचांवर ते प्रथिन शोधणारं द्रावण घालायचं आणि सहावी मुद्दाम कोरी ठेवायची. तीही रंगली तर सगळाच रंग खोटा, आणि माझी दोन वर्षं पाण्यात.

त्या दिवशी सहावीही तपकिरी निघाली. मला आधी बाटलीचा संशय आला, मग गाइडचा, मग मेलेल्या उंदरांचासुद्धा. शेवटी मी आमच्या शिपाईमामांकडे रोखून पाहिलं. ते मूळचे जतचे.

“मामा, ट्रेला हात लावलात?”

“व्हय. आवं साहेब, पाचजणींना वाढलंत आन् एक उपाशी! पंगतीत असं डावं-उजवं करत्यात व्हय? म्या टाकला थेंब.”

मी त्यांना मिठीच मारली. दुसऱ्या खेपेला सहावी काच कोरीच राहिली. तरी तेवढा वेळ मी ट्रेवर नागासारखा बसून होतो, आणि मामा दारातून माझ्याकडे चिक्कू यजमानाकडे पाहावं तसे पाहत होते.