न्यूट्रलमधले शब्द

गॅरेजच्या कोपऱ्यात तेलकट चिंध्यांचा ढीग साचतो. तो कुणी मुद्दाम साठवत नाही आणि कुणी फेकतही नाही. बऱ्हाणपुरात आमच्या शेठच्या ट्रान्सपोर्टमध्ये मी बुकिंग क्लार्क होतो, त्या दिवसांचे किस्से माझ्याकडे असेच साचलेत. संस्थानं विलीन होत होती आणि लढाईतून उरलेले मिलिटरी ट्रक लिलावात मिळत होते. देशाला नकाशा जुळवायचा होता, आम्हाला गिअर!

* * *

त्या ट्रकांचे गिअर सरळ पडत नसत. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, जरा थांबायचं, पुन्हा क्लच दाबून वरचा गिअर टाकायचा. घाई केली की दात खरडत. उशीर केला की गाडीचा जोर मरे.

हे 'जरा' म्हणजे किती? आमचे मुख्य ड्रायव्हर उस्ताद घड्याळ मानत नसत. ते म्हणत, "न्यूट्रलमध्ये एक शब्द बोलायचा. ज्याचा त्याचा. बोलून झाला की टाक."

फोपनारच्या सुकदेव ड्रायव्हरने आपल्या गावाचं नाव घेतलं. गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला.

* * *

मीही एकदा आवारात ट्रक चालवून पाहिला. वाचनाची आवड असल्यामुळे मी शब्द निवडत बसलो. शब्द सापडेपर्यंत ट्रक भिंतीपाशी पोचला होता.

"बाबूजी, तुम्ही पावत्याच फाडा," उस्ताद म्हणाले.

* * *

सुकदेवचं बांधावरून भावाशी भांडण झालं. गावाचं नाव तोंडातून काढणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. झालं! ट्रक शहरात वळायचे त्या शनवारा दरवाजाशी रोज खरडण्याचा आवाज येऊ लागला. तो ऐकून पानवालासुद्धा सांगे, अजून समेट नाही.

शेवटी उस्ताद स्वतः फोपनारला गेले. दोघा भावांना समोरासमोर बसवून म्हणाले, "जमीन तुमची, तुम्ही बघा. गिअरबॉक्स माझा आहे."

संध्याकाळी सुकदेवचा ट्रक बिनआवाज आला. पानवाल्याने सगळ्यांना सांगितलं, मिटलं!

* * *

मग आले दौलतराव. जवळच्या एका छोट्या संस्थानात ते राजेसाहेबांची मोटार चालवत. राज्य विलीन झालं, मोटार विकली गेली. बायको आणि दोन मुली घेऊन ते बऱ्हाणपुरात आले, तेही भांडीकुंडी बांधूनच. परत जायला जागा नव्हती. शेठने सांगितलं, "शनिवारपर्यंत हात बसला तर ठेवतो."

दौलतरावांनी शब्द निवडला, 'श्रीमंत महाराजाधिराज राजेसाहेब सरकार बहादूर'. एवढं म्हणून होईस्तोवर ट्रक उभाच राहायचा!

उस्तादांनी घासाघीस सुरू केली. सोमवारी 'बहादूर' गेलं, मंगळवारी 'सरकार'. 'श्रीमंत'साठी दोन दिवस लागले. पुढे दौलतराव हटेनात. "मालकाचं नाव किती तोडू, उस्ताद?"

उस्तादांनी कपाळाला हात लावला. "राजाने दिल्लीला अख्खं राज दिलं, आणि तू मला एक शब्द देत नाहीस!"

* * *

शनिवार आला. धूलकोटहून केळी भरून रेल्वेच्या दुपारच्या वॅगनला पोचवायची, अशी दौलतरावांची परीक्षा ठरली. उस्ताद कान देऊन शनवाऱ्याला उभे राहिले. मीही पावत्या घेऊन होतो.

वाटेत काय झालं ते दौलतरावांनी नंतर सांगितलं. धूलकोट सोडल्यावर रस्त्याकडेला धोतर-कोटातले एक गृहस्थ बसची वाट बघत होते. ते राजेसाहेबच! दौलतरावांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं. पुढच्याच चढावर, शेजारी मालक बसलेले असताना, दौलतराव पूर्ण बिरूद म्हणाले. ट्रक थांबला.

"काय झालं?" राजेसाहेबांनी विचारलं. दौलतरावांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

राजेसाहेबांनी पुढचा चढ बघितला. मग म्हणाले, "आईसाहेब मला बाळू म्हणत. बघ बसतं का."

दौलतरावांच्या तोंडून ते निघेना. मग राजेसाहेबच प्रत्येक गिअरला मोठ्याने "बाळू!" म्हणत बऱ्हाणपूरपर्यंत आले.

शनवाऱ्याला ट्रक वळला. एक गिअर गेला, दुसरा गेला. दात वाजले नाहीत. उस्तादांनी माझा खांदा असा दाबला की दोन दिवस दुखत होता. "बाबूजी, शेठला सांगा. माणूस ठेवायचा."

केळी वॅगनला लागली. उस्तादांनी दौलतरावांची पाठ थोपटली आणि केबिनमधून उतरणाऱ्या गृहस्थांकडे पाहिलं. दौलतराव काही बोलायच्या आत म्हणाले, "बाबा, तुमचा आवाज अगदी वेळेवर येतो. या गाडीवर क्लीनर म्हणून राहता का?"

दौलतरावांनी डोळे मिटून घेतले. राजेसाहेबांनी ट्रककडे पाहिलं, जरा विचार केला आणि विचारलं,

"जेवण तुमच्याकडेच ना?"